रात्रीचा भात: ओट्यावर की फ्रीजमध्ये?

मालवण-वेंगुर्ल्याच्या दमट हवेत उरलेला भात झाकून रात्रभर ओट्यावर ठेवणे आणि सकाळी फोडणी देऊन खाणे अनेक घरांत चालते. परंतु शिजवूनही टिकून राहिलेले बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू (त्याची सुप्त, टणक रूपे) कोमट भातात रुजतात आणि त्यांतून वाढणारे जिवाणू जे विष तयार करतात, ते फोडणीच्या उष्णतेने नष्ट होत नाही. याउलट, भात पसरट ताटात निववून २ तासांच्या आत ५ अंश सेल्सिअसखाली फ्रीजमध्ये ठेवल्यास ही वाढ जवळजवळ थांबते, म्हणून मी निःसंकोच दुसरा पर्याय सुचवेन. पावसाळ्यात वीज वारंवार जात असेल, तर मात्र बेताचाच भात रांधावा. ओट्यावर राहिलेला भात बाधल्यास साधारण अर्ध्या ते ६ तासांत उलट्या सुरू होतात आणि ताप सहसा नसतो. तीव्र ताप, शौचातून रक्त किंवा लघवी कमी होणे दिसल्यास रुग्णाला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.