लग्नाच्या पाहुण्यांची यादी सांभाळणारं ॲप: घ्या, पण आधी सेटिंग बदला

भावाच्या लग्नाला पत्रिका पाठवायची आणि कोण येणार कोण नाही ते गोळा करायचं ॲप घेतलं होतं, पैसे भरूनच, कारण फुकटवाल्यात वधूवरांच्या नावाखाली जाहिरात येते.

आवडलेली गोष्ट म्हणजे नावानिशी आमंत्रण. नुसतं सहकुटुंब लिहिलं की दोघं येणार का सातजण ते देवालाच ठाऊक, इथे लिंकमधे ज्यांची नावं टाकाल तेवढ्यांनाच हो-नाही करता येतं, त्यामुळे मुलांना आणायचं का, मैत्रिणीला सोबत आणलं तर चालेल का हे अवघड प्रश्न कोणी विचारतच नाही. शिवाय दोन्ही घरांना एकच यादी दिसते, मग तुमचेच लोक जास्त झाले वगैरे कुरबुरी जरा कमी होतात. फक्त उत्तराची शेवटची तारीख केटररला आकडा द्यायच्या चांगली दोन आठवडे आधीची टाका, लोक तारीख उलटल्यावरच जागे होतात.

आता वैताग. ऑटो रिमाइंडर आधीपासून चालूच असतो आणि लहान-थोर सगळ्यांना एकच मजकूर, "आपण अद्याप उत्तर दिलेले नाही". म्हणजे वसुलीची नोटीसच! आमच्या एका आत्यांना हा गेला आणि त्यांचा थेट बाबांना फोन, "आम्ही यायला नको असेल तर तसं सांगा ना". मोठ्यांचा वेगळा ग्रुप करून त्यांचे रिमाइंडर बंद करा आणि घरातल्या कोणीतरी स्वतः फोन करा, तिथे ॲपचं काम नाही.

पहिल्याच पानावर 'भेट पाठवा' असं बटण आहे, ते काढून टाका, बोलावतोय का मागतोय तेच कळत नाही. कोणी आपणहून विचारलं तर घरच्यांनी सांगावं.

टेम्प्लेटमधे दोन्हीकडे आई-वडील अशा दोन-दोन जागा ठरलेल्या, एकटीने मुलगी वाढवलेल्या आईच्या नावाशेजारी रिकामी रेघ दिसते. साधा मजकूर हा पर्याय घेतला की जाते ती, पण शोधावा लागतो.

कोणी काय दिलं आणि आभार मानले का याची टिक करायची सोय मस्त. पाचात साडेतीन. आणि हो, प्लॅन संपला की यादी उघडत नाही, तेव्हा आधी डाउनलोड करून घ्या आणि मग अकाउंट डिलीट करा, एवढ्या लोकांचे नंबर-पत्ते तिथे पडलेले असतात.