ग्रँट मिळवून देतो म्हणून आला आणि आमच्या संस्थेची डिजिटल सही (डीएससी) घेऊन गेला

बीड जिल्ह्यात केज तालुक्यात आमची छोटी संस्था आहे, २०२१ ची नोंदणी. आईबाप ऊसतोडीला गेले की दिवाळीपासून पाडव्यापर्यंत जी पोरं आजी-आजोबांजवळ मागं राहतात त्यांच्यासाठी संध्याकाळचा वर्ग आणि एक वेळचं गरम जेवण, एवढंच आमचं काम. मी सचिव आहे. हे लिहायला बरेच दिवस धीर होत नव्हता, पण मागच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका ताईंचा फोन आला आणि त्यांनी जे सांगितलं ते शब्दाला शब्द आमच्यासारखंच होतं, म्हणून आज बसून सगळं लिहितेय. छोट्या संस्था चालवणाऱ्यांनी कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

नोव्हेंबर २०२३ ची गोष्ट. जिल्ह्यातल्या संस्थांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर मेसेज आला की लहान संस्थांसाठी ३ ते ५ लाखांची स्मॉल ग्रँट, बारा-ए, ८०जी आणि दर्पण नोंदणी असली की झालं, सीएसआर-१ आम्ही काढून देऊ. (बारा-ए म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाला टॅक्समधून सूट, ८०जी म्हणजे देणगीदाराला सूट, दर्पण म्हणजे सरकारी पोर्टलवर संस्थेची नोंद, आणि सीएसआर-१ म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी, सीएसआर, घेण्यासाठीचा फॉर्म.) मी फोन केला. चौथ्या दिवशी तो माणूस स्वतः पुण्याहून आला, समाजमंदिरात पोरांच्या पंक्तीला बसून पिठलं-भाकरी खाल्ली, फोटो काढले, आणि जाताना मला म्हणाला, "ताई, मी पण कोयत्यावरच्याच घरातला आहे, माझी आई पण मोळ्या वाहायची." खरं सांगते, त्या एका वाक्यानंतर मी त्याला एकही उलटा प्रश्न विचारला नाही. आमचे अध्यक्ष गुरुजी, रिटायर्ड माणूस, त्यांचेही डोळे भरून आले होते.

हिशोब त्यानेच मांडून दिला. ४० पोरं, महिना प्रत्येकी २,००० रुपये, सहा महिने, म्हणजे ४ लाख ८० हजार. आम्ही तोपर्यंत वर्षाला लाख-सव्वालाखाच्या देणग्यांवर चालत होतो, त्यातही निम्मं धान्य, त्यामुळं हा आकडा ऐकूनच आम्हाला वाटलं की या हंगामात अंडी सुरू करता येतील.

आधी "फाइल चार्ज", १०,००० अधिक जीएसटी, ११,८०० रुपये. बिल मागितलं तर म्हणे मंजुरीसोबत येईल. मग पंधरा दिवसांनी एका मोठ्या कंपनीचा लोगो असलेलं पीडीएफ पत्र आलं, आपला प्रस्ताव निवडला गेला आहे, आता पाच टक्के परतीचं डिपॉझिट भरा म्हणजे २४,००० रुपये. पत्र कंपनीचं आणि मेल आयडी साधा जीमेलचा, पण तेव्हा ते डोळ्याला दिसूनही दिसलं नाही. २४,००० आमच्याकडे नव्हते. आक्का आमच्या कोषाध्यक्ष आहेत, त्यांनी त्यांच्या बचत गटातून स्वतःच्या नावावर कर्ज उचलून दिले. ते हप्ते त्या अजून फेडतायत आणि मला सगळ्यात जास्त हेच लागतं.

आता जी गोष्ट मी मुद्दाम सावकाश लिहितेय ती पैशाची नाही. जानेवारीत तो परत आला आणि म्हणाला की सीएसआर-१ फॉर्मला डिजिटल सही लागते. हे खरंच आहे. एप्रिल २०२१ पासून कंपनीचा सीएसआर निधी घ्यायचा तर संस्थेला तो फॉर्म भरावा लागतो आणि त्यावर डिजिटल सहीशिवाय सीएचं किंवा कंपनी सेक्रेटरीचं प्रमाणीकरण पण लागतं. पण त्या फॉर्मला सरकारी फी नाही आणि डीएससी कुणाच्या हातात द्यायची तर अजिबात गरज नाही, आपल्या सीएंच्या समोर बसून दहा मिनिटांत सही होते. त्याने काय केलं, गुरुजींच्या नावाचं डीएससीचं टोकन, तो पेनड्राइव्हसारखा तुकडा, पिनसकट मागून घेतला, इन्कम टॅक्स पोर्टलचा आयडी-पासवर्ड घेतला, पॅन, घटना, ८०जीचं प्रमाणपत्र यांच्या कॉपी घेतल्या, आणि "करारासाठी लागतील, सारखं पुण्याहून येणं परवडत नाही" म्हणून पाच कोऱ्या लेटरहेडवर सही-शिक्का घेतला. शिक्का मी स्वतः मारला. शाईचं पॅड वाळलं होतं म्हणून त्यावर दोन थेंब पाणी टाकून मारला, इतकं मला नीट आठवतंय. आम्ही गावात बायकांना सांगत फिरतो की मुकादमाकडून उचल घेताना कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, आणि मीच हे केलं.

फेब्रुवारीत त्याचा फोन. मंजुरी झाली, अकाउंटला चार ऐंशी येतील, त्यातले ३० टक्के म्हणजे १ लाख ४४ हजार रोख परत द्यायचे, "सगळीकडे असंच चालतं, ताई". गुरुजींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि एवढंच म्हणाले, "पोरांच्या ताटातलं काढून तुम्हाला द्यायचं आणि खर्चाच्या दाखल्यावर सही मी करायची? जमणार नाही." त्यानंतर त्याचा फोन बंद. ३५,८०० रुपये गेले, धडा मिळाला, असं म्हणून आम्ही गप्प बसलो. लाजेपोटी सातही सदस्यांना नीट सांगितलं नाही, तक्रार केली नाही, आणि डीएससी त्याच्याकडेच आहे हे माहीत असूनही ती रद्द केली नाही. ही चूक पहिल्या चुकीपेक्षा मोठी होती.

मे महिन्यात ऑडिटसाठी बीडला सीएंकडे गेले. ८०जी असलेल्या संस्थेला वर्षभरातल्या देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत टेन-बीडी फॉर्ममध्ये भरावी लागते, त्यावरूनच देणगीदाराला टेन-बीई प्रमाणपत्र मिळतं आणि त्याला टॅक्समध्ये सूट घेता येते. सीएंना पोर्टलमध्ये शिरता येईना, पासवर्ड बदललेला, मोबाइल नंबर दुसराच. त्यात तीन दिवस गेले. नवीन डीएससी करून आत गेलो तर तिथं टेन-बीडी आधीच भरलेला. सीएंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "ताई, हे देणगीदार कोण? तुमची देणगी तर १ लाख १२ हजार आहे ना?" यादीत २३ नावं होती, एकही ओळखीचं नाही, बेरीज १८ लाख ६० हजार. मला आधी वाटलं कुणाचे तरी पैसे चुकून आमच्या नावावर दाखवलेत, मग सीएंनी समजावून सांगितलं की हा धंदा आहे, पगारदार माणसाला खोटी देणगी पावती विकायची, कमिशन घ्यायचं, तो ८०जीखाली सूट घेणार, आणि उद्या विचारणा झाली की उत्तर संस्थेनं द्यायचं. त्याला आमच्याकडून ३५,८०० नको होतेच, त्याला आमचा ८०जी नंबर आणि सही हवी होती.

नंतर कळलं ते सगळं आधी पाच मिनिटांत कळलं असतं. सीएसआरच्या नियमात साधी अट आहे की कंपनीनं स्वतः न काढलेली संस्था असेल तर तिला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव पाहिजे. आमची तेव्हा तीन वर्षं झालीच नव्हती, म्हणजे ती ग्रँट आम्हाला मिळणं शक्यच नव्हतं आणि त्याला ते पक्कं माहीत होतं. दर्पणची नोंदणी पण फुकट असते, लोक त्याचे हजार-दोन हजार घेतात. त्या शेजारच्या ताईंना तर तो म्हणाला की परदेशी फंड दुसऱ्या एका ट्रस्टमार्फत फिरवून देतो. बायांनो आणि भावांनो, एफसीआरए म्हणजे परदेशी निधीच्या कायद्यात २०२० ला बदल झालाय, एका संस्थेला आलेला परदेशी निधी पुढं दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, असं कुणी म्हणालं तर तिथंच उठा.

खरी ग्रँट कशी असते ते आम्हाला यंदा बघायला मिळालं. एका ट्रस्टनं ६०,००० दिले. त्यांनी दोन पानी प्रस्ताव मागितला, ऑडिट मागितलं, त्यांच्या बाई स्वखर्चानं एसटीनं आल्या, आणि फोटो काढायच्या आधी हजेरीपत्रक मागितलं, मग किराणाच्या पावत्या, मग स्वयंपाकाच्या मावशींना बाजूला घेऊन विचारलं की तेल महिन्याला किती लागतं. इतके प्रश्न की गुरुजी घामाघूम. एक रुपया मागितला नाही, पैसे दोन हप्त्यांत सरळ संस्थेच्या खात्यावर, दुसरा हप्ता खर्चाचा दाखला दिल्यावर. आमच्याबद्दल एवढी चौकशी करतात म्हणजे विश्वास नाही का, असं आधी मला वाटायचं. आता उलट वाटतं, ज्यानं आमचं हजेरीपत्रक एकदाही उघडलं नाही त्याच्यावर मी विश्वास ठेवला होता.

आम्ही काय केलं ते पण सांगते, कुणाला लागलं तर. जुनी डीएससी रद्द केली, पोर्टलवर आपला नंबर टाकला, सीएंनी दुरुस्त टेन-बीडी भरून ती २३ नावं काढली, धर्मादाय कार्यालयात आणि इन्कम टॅक्सला लेखी कळवलं की आमच्या पत्रावर जावक नंबर आणि तारीख नसेल तर ते आमचं नाही, आणि सायबरची तक्रार केली. १९३० नंबरवर फोन पैसे गेल्या-गेल्या करायचा असतो म्हणजे खात्यात असतील तर अडवता येतात, आम्ही पाच-सहा महिन्यांनी केला, तोवर खातं रिकामं होतं. सदस्यांची मीटिंग बोलावून सगळं इतिवृत्तात लिहिलं, आक्कांच्या कर्जासकट.

जुलैत एका मुलाचा फोन आला, पिंपरीकडं कंपनीत कामाला आहे, म्हणे मॅडम मी तुमच्या संस्थेला ८०,००० दिलेत ना, मग माझं सर्टिफिकेट का दिसत नाही. मी विचारलं तुम्ही नक्की किती दिले, तर बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "चार हजार, एका सरांना, रोख." त्यानं मला ती पावती पाठवली. आमचंच लेटरहेड, गुरुजींची सही, आणि कोपऱ्यात तो फिकट, पाणी जास्त झालेला शिक्का. पाचातलं एक लेटरहेड कुठं गेलं ते असं कळलं. बाकीची चार कुठं आहेत ते अजून माहीत नाही.