भज्यांना बेसन घ्यावं, सावरडोचं डिस्कार्ड की उरलेलं इडलीचं पीठ?

घरी सावरडो ब्रेड, म्हणजे बाजारचं यीस्ट न घालता आंबवलेल्या पिठावर फुगवलेला ब्रेड, करणाऱ्यांच्या फ्रिजमध्ये एक बरणी हळूहळू भरत जाते. स्टार्टरला, म्हणजे ब्रेड फुगवणाऱ्या त्या आंबवलेल्या पिठाला, नवं पीठ आणि पाणी द्यायचं तर आधीचं बरंचसं काढावं लागतं, नाहीतर चार दिवसांत पातेलंभर स्टार्टर होईल. हे काढलेलं आंबट पीठ म्हणजे डिस्कार्ड. ते टाकवत नाही, म्हणून त्यात भाज्या घालून भजी करायची कल्पना बहुतेकांना सुचतेच. मग प्रश्न पडतो की ही भजी बेसनाच्या भज्यांइतकी चांगली होतील का? आणि इडलीचं पीठही उरलेलं असेल तर आधी कोणतं वापरावं?

माझं मत आधीच सांगते. किसलेल्या भाजीची, तव्यावर थोड्या तेलात भाजायची पातळ चपटी भजी करायची असतील तर डिस्कार्ड घ्या. त्या कामात ते बेसनापेक्षा सरस आहे. कढईत तळायची कांदाभजी हवी असेल तर बेसनच घ्या, ते बदलू नका. बटाट्याची, घोसाळ्याची, ओव्याच्या पानांची भजी असतील तर दोन्ही मिसळून घ्यावं. या उत्तरांमागचं मुख्य कारण म्हणजे पाणी.

पाणी कोणाच्या हातात

बहुतेक जण स्टार्टरला वजनानं सारखं पीठ आणि सारखं पाणी देतात. म्हणजे 200 ग्रॅम डिस्कार्डमध्ये 100 ग्रॅम पीठ आणि 100 ग्रॅम पाणी असतं. भज्यांच्या पिठाला साधारण एवढाच दाटपणा लागतो, म्हणून ते बरणीतून काढल्याबरोबर तयार वाटतं. पण हे पाणी आपल्याला कमी करता येत नाही. बेसन कोरडं येतं, त्यात किती पाणी घालायचं ते आपण ठरवतो.

कांद्याची खेकडा भजी या एका गोष्टीवर उभी आहेत. उभा पातळ चिरलेला कांदा मीठ लावून चुरायचा, थोडा वेळ ठेवायचा, त्याला पाणी सुटलं की त्यात मावेल तेवढंच बेसन घालायचं. वरून पाण्याचा थेंबही नाही. कांद्याला पिठाचा नुसता पातळ लेप बसतो आणि तळल्यावर पाकळ्या सुट्या, कुरकुरीत राहतात. तोच कांदा डिस्कार्डमध्ये घातला की कांद्याचं पाणी आणि पिठातलं पाणी एकत्र होऊन सगळं सैल होतं. मग सावरायला वरून मैदा घालावा लागतो आणि कढईतून जे बाहेर येतं ते कांद्याचे तुकडे अडकलेले पिठाचे गोळे असतात. मसाला कितीही चांगला असला तरी हे सुधारत नाही.

म्हणून डिस्कार्ड वापरायचं असेल तर पाणी भाजीतून काढा. दुधी, कोबी, झुकिनी, काकडी किसून मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि स्वच्छ पंचात घट्ट पिळा. गाजर, लाल भोपळा, रताळं यांना फारसं पिळायला लागत नाही. मक्याचे दाणे, कांद्याची पात, मेथी तशीच चालते, फक्त धुतल्यावर नीट निथळू द्या.

डिस्कार्ड कणकेचं असेल तर हिशोब थोडा बदलतो. आपल्याकडे बरेच जण मैद्याऐवजी चपातीच्या कणकेवर स्टार्टर सांभाळतात. कणीक पाणी जास्त शोषते, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात ते डिस्कार्ड घट्ट राहतं आणि एक-दोन चमचे पाणी मागतं. चव खमंग असते, पण कवच मैद्याच्या डिस्कार्डइतकं हलकं होत नाही. त्याची कढईत तळलेली भजी मला जड वाटतात. तव्यावर मात्र ती छान लागतात.

कुरकुरीतपणा कुठून येतो, कुठे जातो

बेसनात ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, नाही. त्यामुळे त्याचं कवच ठिसूळ होतं, चावताना तुटतं. मैद्यात ग्लुटेन आहे, आणि डिस्कार्ड म्हणजे मुळात ओला मैदाच. त्याचं कवच तेलातून काढताना खुसखुशीत असतं, त्यावर बारीक फोड येतात, दिसायलाही सुंदर दिसतं; पण निवल्यावर ते चिवट होतं. पाहुणे दारात असतानाच तळणार असाल तर हा दोष कळणारही नाही. आधी तळून ठेवायचं असेल तर मात्र तो नक्की जाणवेल.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, तांदळाचं पीठ. 200 ग्रॅम डिस्कार्डला दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ घातलं की चिवटपणा बराच कमी होतो. दुसरा उपाय बरणीतच असतो. डिस्कार्ड फ्रिजमध्ये राहतं तसं त्यातलं आम्ल आणि पिठातली विकरं (एन्झाइम) मिळून ग्लुटेन सैल करत जातात. ताजं डिस्कार्ड चमच्यानं उचललं की तार धरतं, काही दिवसांचं डिस्कार्ड नुसतं ओघळतं. भज्यांना हे ओघळणारंच चांगलं. ब्रेडला जे निरुपयोगी झालं ते इथे कामाला येतं, आणि म्हणूनच डिस्कार्डची भजी ही केवळ काटकसरीची सोय आहे असं मी मानत नाही.

आंबवलेला मैदा तेलात सोडणं आपल्याला नवं नाही. जिलबीचं पीठ पारंपरिक पद्धतीनं असंच आंबवतात. जिलबी कुरकुरीत राहते कारण तिची धार बारीक असते. तेच पीठ पळीभर सोडलं तर आतून लिबलिबीत राहील. भज्यांनाही हेच लागू आहे. डिस्कार्डचं पीठ पातळ पसरा, जाड गोळे सोडू नका.

आंबटपणा आणि रंग

रोज पीठ दिलेल्या स्टार्टरचं डिस्कार्ड सौम्य आंबट असतं, ताकाच्या जवळचं. फ्रिजमध्ये आठवडाभर राहिलं की त्याला व्हिनेगरसारखा तीक्ष्ण वास येतो. मुंबई-कोकणच्या उकाड्यात ओट्यावर राहिलं तर हे एका दिवसातही होतं. या आंबटपणाला गोडसर भाज्या उत्तम जुळतात: गाजर, मका, लाल भोपळा, रताळं. मेथीही चांगली लागते. टोमॅटो मात्र नको, आंबटात आंबट होतं.

आम्लामुळे आणखी एक गोष्ट होते. आंबट पिठाला सोनेरी रंग उशिरा येतो. रंगाची वाट पाहत बसलं तर भजी आतून कोरडी पडतात. इथे खायचा सोडा दोन कामं करतो. तो आम्ल मारतो, त्यामुळे चव मऊ होते आणि रंग लवकर चढतो; शिवाय त्या क्रियेत निघणाऱ्या वायूमुळे पीठ फुलतं. 200 ग्रॅम डिस्कार्डला पाव छोटा चमचा सोडा पुरतो. तो अगदी शेवटी घाला, एकदा ढवळा आणि लगेच तव्यावर सोडा. आधी घालून ठेवलात तर फेस बसून जातो आणि पुन्हा येत नाही.

बेसनात सोड्याचं प्रमाण चुकलं की लगेच कळतं. त्यात आम्ल नसल्यानं जास्तीचा सोडा तसाच राहतो, चव साबणासारखी लागते आणि हळदीमुळे लालसर डाग पडतात. डिस्कार्ड थोडी जास्त चूक पोटात घालतं. पण बेसनाला मुळात सोड्याची गरजच नाही. कडकडीत तेलाचं मोहन घातलं की काम होतं.

तव्यावरची भजी, माझ्या प्रमाणात

200 ग्रॅम डिस्कार्ड, पिळून झाल्यावर 300 ग्रॅम भरेल एवढी किसलेली भाजी, दोन मोठे चमचे तांदळाचं पीठ, दोन हिरव्या मिरच्या, किसलेलं आलं, जिरं, मूठभर कोथिंबीर. मीठ हात राखून घाला, कारण पिळलेल्या भाजीत ते आधीच उतरलेलं असतं. पीठ कमी आणि भाजी जास्त दिसली पाहिजे. बिडाचा तवा चांगला तापवा, दोन-तीन चमचे तेल सोडा, शेवटी खायचा सोडा मिसळलेलं मिश्रण चमच्यानं घालून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड राहणार नाही असं पसरा. मध्यम आचेवर प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटं. झाकण ठेवू नका, वाफेनं कवच मऊ पडतं. अंड्याची गरज लागत नाही. पाश्चात्त्य पाककृतींत अशा भज्यांत अंडं असतं ते बांधून ठेवण्यासाठी, आणि ते काम इथे डिस्कार्ड करतं.

ही भजी डब्याला नेता येतात, ती दुसऱ्या दिवशी कोरड्या तव्यावर गरम केली की पुन्हा कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये मात्र चामट होतात. बेसनाची कांदाभजी उरली तर तिला असा दुसरा जन्म नसतो, फार तर कढीत जाते. परदेशात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तव्याचा आणखी एक फायदा आहे: कढईभर तेल तापवावं लागत नाही, घरभर तळणाचा वास राहत नाही.

मिश्र पीठ

कापांच्या भज्यांना पीठ घट्ट चिकटलंही पाहिजे आणि कवच तुटलंही पाहिजे. त्यासाठी 100 ग्रॅम डिस्कार्डमध्ये 60 ग्रॅम बेसन आणि साधारण 50 मिलिलिटर पाणी घाला. ओवा, तिखट, हळद, मीठ घालून दहा मिनिटं ठेवा. डिस्कार्डमुळे पीठ कापावरून घसरत नाही, बेसनामुळे चिवटपणा येत नाही, आणि बेसनाला एक हलकी आंबट झाक मिळते, जी बटाट्याला फार शोभते. तळताना तेल 170 ते 180 अंशांच्या दरम्यान असावं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाकून पाहा: तो तळाला जाऊन लगेच वर यायला हवा. तेल थंड असेल तर कोणतंही पीठ ते पितं.

इडलीचं पीठ उरलं असेल तर

आधी तेच संपवा. त्यात उडीद डाळ असल्यानं ते आपोआप बांधून येतं आणि ग्लुटेन नसतं. कांदा, मिरची, कढीपत्ता घालून आप्पेपात्रात घातलं की विषय संपला. आंध्रात अशाच उरलेल्या पिठाचे पुनुगुलू तळतात, वरून कुरकुरीत, आतून मऊ. पीठ सैल असेल तर थोडा रवा किंवा तांदळाचं पीठ घाला. मात्र भरपूर किसलेली भाजी हे पीठ डिस्कार्डसारखी धरून ठेवत नाही. भाजी थोडी आणि पीठ जास्त असंच त्याला आवडतं.

पोटाच्या आणि पथ्याच्या गोष्टी

सावरडोमध्ये ग्लुटेन राहत नाही असा समज मी बऱ्याचदा ऐकते. तो चुकीचा आहे, आणि सीलिॲक (ग्लुटेन न चालण्याचा आजार) असलेल्या माणसासाठी धोक्याचा आहे. आंबवल्यानं ग्लुटेन काही प्रमाणात तुटतं, नाहीसं होत नाही. अशा व्यक्तीसाठी बेसन किंवा रवा न घातलेलं इडलीचं पीठ घ्यावं, आणि हिंगाच्या डबीवरचं लेबलही वाचावं, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं.

डिस्कार्डमधले जिवंत जिवाणू पोटाला चांगले म्हणून भजी करत असाल तर ते कारण सोडून द्या. तव्याच्या उष्णतेत ते टिकत नाहीत. मीठ-तिखट बघायला कच्चं मिश्रण चाटू नका. कच्च्या पिठात रोगजंतू असू शकतात. लहानसा तुकडा भाजून चाखा.

बरणीत वर करडं पाणी सुटलं असेल तर घाबरू नका, ढवळून घ्या किंवा ओतून द्या. गुलाबी, नारिंगी रेघ किंवा बुरशी दिसली तर सगळी बरणी टाकायची, वरचं काढून खालचं ठेवायचं नाही. स्टार्टर नुकतंच सुरू केलं असेल तर पहिल्या आठवड्याचं काढलेलं पीठ भज्यांत घालू नका. त्या दिवसांत नको ते जिवाणूही वाढत असतात, वासावरूनच कळतं. स्टार्टर नियमित फुलायला लागल्यानंतरचंच डिस्कार्ड साठवा, आणि फ्रिजमध्ये आठवडा, फार तर दोन आठवडे.

राहिला खर्च. डिस्कार्ड फुकट नाही, त्या पिठाचे पैसे आपण दिलेलेच असतात. दर आठवड्याला अर्धा किलो डिस्कार्ड साठत असेल तर भज्यांचे नवे प्रकार शोधण्याआधी स्टार्टरच लहान करा. 20 ग्रॅम स्टार्टर फ्रिजमध्ये ठेवलं आणि ब्रेड करायच्या आदल्या दिवशी वाढवून घेतलं तरी पुरतं. आणि ब्रेड करतच नसाल तर केवळ या भज्यांसाठी स्टार्टर पाळू नका. बेसनाचा डबा घरात असतोच.