मॅचिंग ब्लाऊजपीस: दुकानातल्या दिव्याखाली की पायरीवर?

सांगलीच्या कापड पेठेत मॅचिंगला गेलं की दुकानदार पदर ओढून थानाला लावतो आणि म्हणतो, "एकदम सेम, ताई." तिथं ते सेम असतंही. माझी मोरपंखी सिल्क मात्र रिसेप्शनच्या पिवळ्या दिव्यांत हिरवी दिसायला लागली आणि ब्लाऊज निळाच राहिला.

दोष दुकानदाराचा नव्हता. रंगद्रव्य उजेडातला काही भाग गिळतं, उरलेला परत पाठवतं. पण दिव्यातच जे नाही ते परत कुठून येणार? पिवळा दिवा साधारण 2700 केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), त्यात निळं तोकडं. दिवसाच्या उजेडासाठी 6500 धरतात. त्यात रेशमाला बहुधा आम्लरंग, टू बाय टू या ब्लाऊजच्या सुती कापडाला रिॲक्टिव्ह, पॉलिस्टरला डिस्पर्स. तीन वेगळ्या रंगद्रव्यांनी साधलेली एकच छटा एका उजेडात जुळते, दुसऱ्यात फुटते.

म्हणून साडीतलाच पीस असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर टू बाय टू की सॅटिन? मी टू बाय टू घेते. त्याला चकाकी नाही, त्यामुळे कुठूनही बघा, छटा तीच. शिवाय मे महिन्यातल्या लग्नात घाम टिपतं. सॅटिनमध्ये वरचे धागे लांब सुटे असतात, उजेड आरशासारखा उसळतो; हात हलला की बाहीची छटा बदलते. रेशमाच्या झळाळीशी मात्र सॅटिनच शोभतं, हे कबूल. धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. तिथं मॅचिंगच्या नादी लागूच नका, दोन्हीतला एक रंग उचला.

आता उजेड. दुकानातला एलईडी सोयीचा, पण एकटा पुरत नाही. मोबाईलची बॅटरी म्हणजे पुन्हा तोच पांढरा एलईडी. पायरीवर या, पण भर उन्हात नको, सावलीत. डोक्यावर निळी ताडपत्री ताणलेली असेल तर दोन पावलं पुढं. संध्याकाळी पाचनंतरचं ऊन आधीच पिवळं झालेलं असतं, तेव्हा सकाळीच जा.

सकाळचा मुहूर्त असेल तर पायरीवरचा निकाल अखेरचा माना. संध्याकाळचं रिसेप्शन असेल तर मीटरभर कापण्याआधी बोटभर तुकडा मागून आणा आणि घरच्या पिवळ्या बल्बखाली साडीवर ठेवून बघा. दुकानदार कुरकुरतो, पण देतो. अस्तर खुशाल एलईडीखाली घ्या. वरचं कापड जाड असेल तर ते कोण बघतंय!