जुन्या चिनी डब्या: बुडालेल्या जहाजातल्या की कँटनच्या रंगीत?

मैत्रिणीला दिवाणखान्यातल्या कपाटासाठी जुन्या चिनी पोर्सेलीनच्या डब्या हव्यात. एकीकडे बुडालेल्या 'टेक सिंग' या चिनी जहाजातल्या निळ्या-पांढऱ्या, दुसरीकडे एकोणिसाव्या शतकात कँटनला (आजचं ग्वांगझू) रंगवलेल्या, गुलाबी-हिरव्या चित्रांच्या 'रोज मेडॅलियन' शैलीच्या.

आधी खरेपणा, कारण पैसे तिथेच बुडतात. टेक सिंग १८२२ मध्ये बुडालं, माल १९९९ मध्ये वर आला आणि २००० साली जर्मनीत लिलाव झाला. त्यामुळे तारीख पक्की. पण डबीवर चिकटवलेल्या लिलावाच्या चिठ्ठीवर नुसतं जाऊ नका, खरेदीचे कागद मागा. रोज मेडॅलियन आजही बनतं. बुडावर इंग्रजीत 'चायना' लिहिलेलं असेल, तर डबी बहुधा १८९१ नंतरची, कारण तेव्हापासून अमेरिकेत आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. बुडावरच्या चिनी बादशहाच्या नावाच्या शिक्क्यावर तर मी मुळीच विश्वास ठेवत नाही. जुने शिक्के नंतरही सर्रास मारले गेले.

टिकाऊपणात निळी डबी सरस. रंग झिलईखाली, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराखाली असतो, झिजत नाही. समुद्राने झिलई मात्र बऱ्याचदा मंद केलेली असते. रंगीत डबीचं मीनाकाम झिलईवर, कमी आचेवर भाजलेलं. सोनेरी रेघ तर पुसून पुसून जाते. अशी डबी कोरड्या मऊ ब्रशनेच झटका.

दोन्हींत झाकण फिरवून बघाच. मूळचं असेल तर कड बोटाला सलग लागते.

किंमत? साध्या निळ्या डब्या सहसा स्वस्त.

नवखा संग्राहक असेल, चार-पाच डब्या गडद लाकडावर एकत्र मांडायच्या असतील, तर निळ्या. एकच डबी उठून दिसायला हवी आणि घरात लहान मुलं नसतील, तर रंगीत.