पोलो जीटी टीएसआयला 195/55 आर16: एक पावसाळा काढल्यावर

माप बरोबर निवडलं, टायर चांगले निघाले, गाडी वळणात पूर्वीपेक्षा घट्ट बसते. तरी हे लिहायला घेतलंय ते बोल्टांसाठी. टायरच्या कंपन्यांवर लोक तासन्‌तास भांडतात, पण ते टायर ज्या वीस बोल्टांवर गाडीला लागलेले असतात त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. टायरवाले तर नाहीच नाही.

गाडी जुनी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, 15 इंची अॅलॉयवाली. इंजिन-गिअरबॉक्सचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत, ते उगाळत नाही. मूळ माप 185/60 आर15, म्हणजे टायरची रुंदी 185 मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या 60 टक्के, आणि आत 15 इंची डिस्क. चारही टायर संपलेच होते, आणि एका डिस्कला (म्हणजे रिमला) खड्ड्यात तडा गेल्यामुळे वेल्डिंग करून घेतलेलं होतं. ती दर आठवड्याला हवा सोडायची. एका डिस्कसाठी शोरूममध्ये विचारलं, तर किंमत ऐकून फोन ठेवला. वेल्डिंगच्या डिस्कवर एक्स्प्रेसवेला शंभरने जायची माझी तयारी नव्हती. म्हणून टायर बदलतानाच अॅलॉयही बदलायचे ठरवले.

दुकानदाराचा सल्ला ठरलेला. "साहेब, दोनशेपाच पंचावन्न सोळा टाका, गाडी कशी भरून दिसते बघा." मी तिथेच मोबाईलवर आकडेमोड केली. 185/60 आर15 चा पूर्ण व्यास 603 मिलिमीटर. 205/55 आर16 चा 632. म्हणजे जवळपास पाच टक्के वाढ. तीन टक्क्यांच्या वर जाऊ नये हा साधा नियम, कारण पुढे स्पीडोमीटर चुकतो, गिअरिंग लांबतं (पिकअप मंदावतो) आणि मागे तीन माणसं बसली की टायर आतल्या प्लास्टिकला घासायला लागतो. 205/50 आर16 चं गणित छान बसतं, 611, पण त्या मापात दुकानात धड पर्याय नव्हते आणि जे होते ते महाग. 195/55 आर16 येतो 621 वर, म्हणजे बरोबर तीन टक्के. शिवाय चाकणच्या कारखान्यातून निघालेल्या नंतरच्या जीटीला कंपनीने स्वतः हेच माप दिलं होतं. विषय संपला.

टायरची कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर खाली त्यावरूनच जुंपेल. लोड इंडेक्स 87 आहे, म्हणजे एका टायरला 545 किलो. टायर कधी बनला ते सांगणारे बाजूवरचे चार आकडे वाचून घेतले: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. पहिल्यांदा आणलेल्या चारपैकी दोन टायर दीड वर्षं जुने होते, ते परत पाठवले. "सगळे असेच घेतात," दुकानदार म्हणाला. घेत असतील.

अॅलॉयसाठी मात्र पायपीट झाली. चार भोकांचे, 100 पीसीडीचे (बोल्टांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास 100 मिलिमीटर) अॅलॉय गल्लोगल्ली मिळतात. पोलोला लागतात पाच भोकांचे, 5 बाय 100. एकाने तर 5 बाय 112 चे समोर ठेवून "बसतील हो" म्हटलं. बसत नाहीत. भोकांच्या वर्तुळात 12 मिलिमीटरचा फरक कुठलाही पाना भरून काढू शकत नाही.

आता मुद्द्यावर. या गाडीला नट नसतात, थेट हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या भागात) जाणारे बोल्ट असतात, आणि कंपनीच्या बोल्टाचा जो भाग डिस्कवर टेकतो तो गोलाकार असतो. बाहेरचे अॅलॉय बहुतेक शंकूच्या आकाराच्या बैठकीचे. दोन्ही बोल्टांचे आटे सारखेच, एम14 बाय 1.5, त्यामुळे चुकीचा बोल्टही मुकाट्याने आत जातो आणि आवळला गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो एका बारीक कडेवर टेकलेला असतो आणि चालता चालता सैल होऊ शकतो. माझ्यासमोर दुकानातला पोरगा जुनेच बोल्ट आवळायच्या गनने ठोकायला निघाला होता. थांबवलं. मालक म्हणाला, "आम्ही रोज लावतो." मग अर्धा तास वाद. शेवटी शंकूवाले बोल्ट मागवले, त्याचे पैसे वेगळे लावले, आणि माझे जुने बोल्ट कुठेत विचारलं तर, "ते आता काय कामाचे? भंगारात टाकले."

कामाचे कसे नाहीत? स्टेपनी कंपनीची, लोखंडी डिस्कची, तिला तेच गोल बैठकीचे बोल्ट लागणार. पंक्चर झाल्यावर शंकूवाल्या बोल्टांवर स्टेपनी चढवायची का? भंगाराच्या डब्यातून मी स्वतः वेचून काढले, पुसले, त्यातले पाच एका पिशवीत घालून स्टेपनीच्या खळग्यात ठेवले. बायको म्हणाली, साठ हजार खर्च करून आलास आणि भंगारातून बोल्ट उचलतोयस. पावसाळ्यात खंबाटकी घाटात खडीच्या टोकाने मागच्या टायरची बाजू फाटली. बाजू फाटली की पंक्चर निघत नाही, स्टेपनीच लावावी लागते. भर पावसात ती पिशवी काढली, तेव्हा मात्र बायको काही बोलली नाही.

स्टेपनी अजून जुन्याच मापाची आहे. मागे लागली म्हणून निभावलं. पुढचं चाक पंक्चर झालं तर आधी मागचं चांगलं चाक पुढे आणि स्टेपनी मागे. पुढच्या दोन चाकांच्या व्यासात फरक ठेवून लांब पळवलं तर डिफरन्शियलला (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेला) सतत काम लागतं.

दुसरा वैताग थरथरीचा. नवीन चाकांवर पहिल्याच लांब फेरीत ऐंशी-नव्वदच्या मध्ये स्टिअरिंग हलायला लागलं. बॅलन्सिंग पुन्हा केलं, थोडं कमी झालं, गेलं नाही. दुकानदाराने दोष रस्त्याला दिला, मग सस्पेन्शनला, मग "जर्मन गाड्या अशाच" म्हणाला. पोलोच्या हबचा व्यास 57.1 मिलिमीटर. माझ्या अॅलॉयचं मधलं भोक 73.1. मधली पोकळी भरायला एक रिंग लागते, ती दुकानाने दिलीच नव्हती. गाडी जमिनीवर टेकवून गनने बोल्ट मारले की चाक केसभर बाजूला बसतं, आणि मशीनवर कितीही शिसं चिकटवा, गाडीवर ते हलणारच. अॅल्युमिनियमच्या चार रिंगा मागवल्या, गाडी जॅकवर घेऊन चांदणीच्या क्रमाने हाताने बोल्ट लावले, टॉर्क पान्याने 120 न्यूटन मीटरला आवळले, शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. थरथर गेली. चाराच्या चार रिंगांची किंमत एका टायरच्या दहाव्या भागाइतकीही नव्हती.

आता चांगलं. व्यास 18 मिलिमीटरने वाढला, म्हणजे गाडी नऊ मिलिमीटर उचलली गेली. ऐकायला किरकोळ. पण आमच्या सोसायटीच्या उताराला पोट घासायचं, ते थांबलं. सोळा इंची म्हणजे बाजू कमी आणि खड्ड्यात डिस्क वाकणार, अशी भीती बऱ्याच जणांनी घातली होती. मोजून बघा: आधी बाजूची उंची 111 मिलिमीटर होती, आता 107. आदळआपट थोडी वाढलीय, पण ती मला उंचीपेक्षा वजनामुळे वाटते. भंगारवाल्याच्या काट्यावर जुनं-नवं चाक ठेवून पाहिलं, नवं दोनेक किलो जड. सिग्नलवरून सुटताना ते जाणवतं, ही तक्रार खरी आहे.

मायलेजबद्दल माझं मत मध्येच फिरलं. टाकी ते टाकी हिशोब करणारा माणूस मी. शहरात साडेबारा मिळायचं ते बारावर आलं आणि महिनाभर चरफडत होतो. मग ध्यानात आलं की चाक मोठं झालं म्हणून ओडोमीटरच तीन टक्के कमी मोजतोय. बाराचे खरे होतात 12.36. खरी घट नगण्य. स्पीडोमीटरही आता जीपीएसच्या जवळ आला: पूर्वी काट्यावर शंभर म्हणजे खरे पंच्याण्णव असायचे, आता अठ्ठ्याण्णव. पण एक्स्प्रेसवेच्या शंभरच्या मर्यादेत पूर्वी जी फुकटची सूट मिळायची ती गेली, हे कॅमेऱ्यांच्या खाली ध्यानात ठेवावं लागतं.

ओल्यात ब्रेक उत्तम. साचलेल्या पाण्यातून मात्र रुंद टायर आधी तरंगतो. दहा मिलिमीटरचा फरक फार नाही, पण नक्षीची खोली तीन मिलिमीटरवर आली की मी बदलणार, कायद्याच्या 1.6 ची वाट बघणार नाही. नव्या अॅलॉयची नोंद विम्यातही करून घेतली.

मित्राकडे 1.0 पोलो आहे, त्याच्या पंधरा इंची डिस्का धडधाकट आहेत. त्याला मी सोळाचं नाव काढू दिलं नाही. त्याच डिस्कवर 195/60 आर15 टाकायला लावले: व्यास दोन टक्के जास्त, बाजू 117, म्हणजे खड्ड्यांसाठी माझ्यापेक्षा बरी, अॅलॉयचा खर्च शून्य, आणि बोल्ट-रिंगांची कटकट नाही. माझ्या डिस्का शाबूत असत्या तर मीही हेच केलं असतं.

माझे जुने 15 इंची अॅलॉय विकायचे आहेत. तीन चांगले आहेत, चौथा वेल्डिंगचा, त्याचा भंगाराचा भाव धरा. सोबत गोल बैठकीचे पंधरा बोल्ट देईन. पाच मिळणार नाहीत.