सायकसची पिल्लं काढायचीत? सांगलीत द्राक्षबागेच्या साहित्याचं दुकान गाठा, पण सगळं घेऊ नका

कुंडीतल्या सायकसच्या (पामसारखं दिसणारं शोभेचं झाड) बुंध्याला पिल्लं धरली की बहुतेक जण नर्सरीतून शोभेच्या डबीतली रूटिंग पावडर आणि कोकोपीटची पिशवी आणतात. सांगलीत हा खर्च टाळता येतो. तासगाव, मिरज, पलूस हा द्राक्षाचा पट्टा, त्यामुळे इथल्या कृषी सेवा केंद्रांत छाटणीची करवत, कलमाचा चाकू आणि ताम्रयुक्त बुरशीनाशक सहज मिळतं. सायकसला यातलं सगळं चालत नाही, आणि एक बाटली तर हातसुद्धा लावू नये अशी आहे.

आधी हत्यारं. घडीची करवत द्राक्षाचे ओलांडे (वेलीच्या आडव्या जाड फांद्या) कापायला उत्तम, सायकसला मध्यम. सायकसचं खोड खऱ्या अर्थाने लाकूड नाही. आत पिठूळ गर आणि चिकट डिंक असतो, तो दातांत बसतो आणि पातं ओढताना काप फाटतो. त्यामुळे करवत फक्त चारेक सेंटिमीटरहून जाड मानेसाठी, म्हणजे पिल्लू मूळ झाडाला जिथे जोडलेलं असतं त्या भागासाठी. लहान पिल्लाला सुताराची एक इंची छिन्नी बरी, ती हार्डवेअरच्या दुकानातून घ्या. कलमाचा चाकू मात्र जरूर घ्यावा. करवतीने खरबरीत झालेला काप त्याने गुळगुळीत केला की सडण्याचा धोका बराच कमी होतो. कात्री पानांपुरती. प्रत्येक कापाआधी पातं स्पिरिटने पुसायचं.

कुंडीत हात घालून पिल्लू ओढू नका. रोप पूर्ण बाहेर काढा, माती ब्रशने झाडा आणि पिल्लू जिथे सर्वांत अरुंद होऊन आईला चिकटलंय ती मान शोधा. काप तिथेच. पिरगाळून तोडलं तर आईच्या बुंध्याचा लचका निघतो आणि ती जखम लवकर भरत नाही. माती झाडताना वरच्या थरात पोवळ्यासारखी फाटे फुटलेली जाड मुळं दिसतील. तो सूत्रकृमीचा रोग समजून छाटू नका. त्यांत नत्र स्थिर करणारे निळे-हिरवे जीवाणू राहतात. पिल्लू निदान पाच सेंटिमीटर व्यासाचं असावं. सुपारीएवढी पिल्लं आईलाच राहू द्या, त्यांच्याजवळ मुळं येईपर्यंत पुरेल एवढा साठा नसतो.

जखमेला कॉपर ऑक्सिक्लोराईड ५० टक्के, म्हणजे वर सांगितलेलं ताम्रयुक्त बुरशीनाशक. या दुकानातली सायकससाठी सर्वांत कामाची वस्तू हीच. डिंक कापडाने टिपा, चमचाभर भुकटीत थेंब थेंब पाणी घालून इडलीच्या पिठाइतकी दाट पेस्ट करा आणि पिल्लाच्या व आईच्या, दोन्ही कापांवर लावा. हातमोजे हवेत. बोर्डो पेस्टही चालते (१०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १ लिटर पाणी, लोखंडी भांडं नको), पण ती ताजीच वापरावी लागते, आणि दोन पिल्लांसाठी लिटरभर कालवणं म्हणजे नासाडी. बागेत तशीही बनत असेल तर वाटीभर मागून आणा. पाण्यात मिसळणारं गंधक भुरी या बुरशीच्या रोगासाठी आहे. जखमेवर लावलं तर बिघडत नाही, पण तांबं घेतलं असेल तर दुसरं पुडकं कशाला?

आयबीए हे मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक द्राक्षाच्या खुंटकाड्यांना (ज्यांवर कलम करतात त्या काड्यांना) उपयोगी आहे, म्हणून दुकानदार ते सुचवतो. सायकसच्या पिल्लाला मुळं येतात ती स्वच्छ काप, कोरडेपणा आणि ऊब यांच्या जोरावर. संप्रेरक नसलं तरी अडत नाही. जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संप्रेरक नकोच, ते मुळांना उलट आवरतं. आणि ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना लावतात ते हायड्रोजन सायनामाईड? झोपलेलं पिल्लू जागं होईल या आशेने ते लावाल तर गर जळेल. माणसालाही ते विषारी आहे. ते दुकानातच राहू द्या.

कोकोपीटची वीट स्वस्त पडते म्हणून नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेली पिल्लं पाणी धरून सडतात. आपली काळी माती त्याहून वाईट. दोन भाग धुतलेली जाडी वाळू, एक भाग विटांचे तीन ते सहा मिलिमीटरचे तुकडे (चुरा चाळून टाका) आणि एक भाग कोकोपीट. परलाईट (मिश्रण मोकळं ठेवणारे हलके पांढरे खडे) या दुकानांत सहसा नसतं, पण विटांचे तुकडे ती उणीव भागवतात.

पिल्लाची सगळी पाने कापा, मुळंच नसताना पानांना पाणी पुरवणार कोण? मग सात ते दहा दिवस हवेशीर सावलीत सुकवा, काप मोठा असेल तर पंधरा. काप नखाला कोरडा, टणक लागला की पिल्लू पाच इंची मातीच्या कुंडीत अर्धं पुरा, कोंबाची खवल्यांची बाजू वर. एकदा पाणी, पुढचं मिश्रण जवळपास सुकल्यावरच. आईलाही आठवडाभर पाणी नको.

इथल्या हवेत फेब्रुवारी ते मार्चचा मध्य उत्तम. नवी पालवी निघत असताना आणि पावसाळ्यात हे काम करू नका. मुळांना तीन ते सहा महिने, कधी वर्षही लागतं. मधेच पान फुटलं म्हणजे मुळं आली असं नाही, ते साठ्यावर फुटतं. त्याला खत घातलं किंवा रोप उपटून पाहिलं तर तिथेच संपतं. दाबून बघा: टणक म्हणजे जिवंत, मऊ आणि आंबट वास म्हणजे सड. सड दिसली तर पांढरा निरोगी गर लागेपर्यंत कापून पुन्हा पेस्ट, पुन्हा सुकवण.

काढण्याआधी पानांच्या बुडाशी पांढरी खवले कीड आहे का ते बघा. असेल तर आधी तिचा बंदोबस्त, नाहीतर ती नव्या कुंडीत जाते.

दुकानांबद्दल एकच तक्रार: पुडकी बागायतदाराच्या हिशेबाची. सर्वांत लहान पाव किलोचं मिळालं तरी दोन-चार पिल्लांना चमचाच लागतो. म्हणून सुटी पुडी मात्र मागू नका. कीटकनाशक कायद्याने सुटी विक्री चालत नाही, आणि त्यात नेमकं काय आहे ते कळायलाही मार्ग नसतो. बंद पुडकं, मुदत पाहून, बॅच नंबर असलेल्या बिलावर घ्या. उरलेलं कोरड्या डब्यात, मुलांच्या आणि कुत्र्यांच्या हाती लागणार नाही असं ठेवा. कापलेली पानं आणि गराचे तुकडेही तसेच उचला, सायकसचं सगळं झाड विषारी आहे आणि बिया सर्वांत जास्त.